चौथ्या मजल्यावरचा कनू

आमची चाळ तीन मजल्यांची. चौथा मजला नानांनी चढवला, तोही कागदावर. नाना म्हणजे माझे वडील. दिवसभर फोर्टात कारकुनी करून संध्याकाळी घरी यायचे, कोट खुंटीला अडकवायचे, चहा घ्यायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत मांडीवर पाट ठेवून लिहायला बसायचे. 'चौथा मजला' ही त्यांची शाळकरी मुलांसाठीची मालिका त्या वर्षांत फार गाजत होती. बारीकसं पुस्तक, पिवळं कव्हर, कव्हरावर आमच्याच चाळीचा जिना, आणि दोन-तीन महिन्यांनी नवा भाग. दादरपासून गिरगावपर्यंत वाचनालयांत मुलं नंबर लावून ती वाचायची. आज ते नाव काढलं की माझ्या वयाची माणसं खूश होतात, आणि मग नेमकं तेच विचारतात जे मला ऐकायचं नसतं. म्हणून म्हटलं, कोणी विचारायच्या आधी आपणच लिहून ठेवावं.

कथा अशी. कोणा शेठच्या बंगल्यासाठी संगमरवरी पुतळे घेऊन एक बोट गोदीला लागते, क्रेनची साखळी तुटते, खोकी फुटतात आणि आतून ग्रीक देव अंग झटकत बाहेर येतात. मुंबईत जागा मिळणं तेव्हा देवांनाही जड होतं. फिरत फिरत ते गिरगावात येतात आणि आमच्या चाळीच्या डोक्यावर, कोणाला न दिसणाऱ्या मजल्यात बिऱ्हाड थाटतात. तिसऱ्या मजल्यावर जिना जिथे संपतो तिथे चार मुलांनी एकमेकांचे हात धरले, तरच पुढच्या पायऱ्या दिसायच्या. एकाने जरी हात सोडला तरी समोर नुसती भिंत. देव नानांनी असे रंगवले होते की आम्हाला ते शेजारीच वाटायचे. झ्यूस अगदी आमच्या घरमालकासारखा, चिडला की वीज कडाडायची आणि अख्ख्या चाळीचा फ्यूज उडायचा. हेरा नळावर बसून कोणाच्या संसारात काय चाललंय यावर नजर ठेवायची. पोसायडनला नळाचं पाणी मानवेना, म्हणून तो कफ परेडच्या कोळ्यांकडे वाळत घातलेल्या बोंबलांखाली पडून राहायचा आणि रविवारी जेवायला यायचा, तेव्हा हेरा नाकाला पदर लावायची. माझे वडील कडू माणूस नव्हते, हे आधीच सांगते. विनोद त्यांच्या हातात होता, आणि माणसं त्यांना दिसायची.

ग्रीक देवच का घेतले, याचं कारण ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. "आपल्या देवांना हात लावा, लगेच कोणीतरी दुखावतं. ग्रीकांच्या देवांना आता कोणी फूल वाहत नाही. त्यांचं वाटेल ते लिहा, भावना कोणाच्या दुखावणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्या आवाजासकट पाठ आहे. भावना फक्त देवांच्या निमित्तानेच दुखावतात अशी त्यांची समजूत होती. शिकलेला माणूस, पण याबाबतीत अगदी कच्चा.

देवांसारखीच मुलंही त्यांनी घरचीच उचलली, आणि नावंसुद्धा बदलली नाहीत. बाबल्या, फिलू, कनू आणि मी, नलू. बाबल्या मूळचा लालबागचा. त्याचा बाप तिथल्या गिरणीत फिटर होता, आणि बाबल्या शाळेसाठी आमच्या तळमजल्यावर मामाकडे राहायचा. फिलू मागच्या खोताच्या वाडीतली, लाकडी जिन्याच्या घरातली. कनू आमच्या भिंतीपलीकडचा. त्याचे वडील मेहता, त्यांचं काळबादेवीला दोरे-बटणांचं दुकान होतं. आई हंसाबेन. मेहतांचं बिऱ्हाड चाळीत आमच्याही आधीपासूनचं. आपलं नाव छापून आलेलं पाहून आम्हा चौघांनाही आकाश ठेंगणं झालं होतं, आणि आमच्या आयाबापांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

प्रत्येकाच्या वाट्याला एक देव होता. फिलू अभ्यासात पुढे म्हणून तिला अथीना. फिलूची आई धावत आली, "नाना, आमचे पोरीला देवी नका करू, फादरला समजला तर माझी खैर नाय." ही देवी फक्त सल्ला देते, पूजा मागत नाही, अशी नानांनी तिची समजूत काढली. बाबल्याला लोहार देव हेफेस्टस. एका पायाने लंगडा, पण लोखंड त्याच्या हातात मेण व्हायचं. तो परळच्या गिरणीत फिटर म्हणून कामाला लागलेला. बाबल्याच्या बापाने ते वाचून घेतलं आणि म्हणाला, "लंगडो तर लंगडो, देव तरी गिरणीत इलो." कनूला हर्मीस. पायाला पंख, सगळ्यांचे निरोप सगळीकडे पोचवणारा, वाटसरूला वाट दाखवणारा. कनू खरंच तसा होता. जिना उतरायचा म्हणजे तो पायऱ्या मोजत नसे, उड्या मारायचा. आणि आमच्याशी आमच्यासारखं, बाबल्याच्या मामीशी मालवणी, फिलूच्या आजीशी तिच्या वाडीचं, ज्याच्याशी त्याची बोली बोलायचा. मला अथीना हवी होती. मला मिळाली हेस्टिया. ही चुलीची देवी. बाकीचे देव पराक्रमाला गेले की ही घरी विस्तव राखते. हात धरून पायऱ्या उघडायला नलू लागायची, पण पुढे लढाईला तिघंच जायची आणि नलू मागे त्यांच्यासाठी पेज शिजवायची. मी कुरकुरले तर नाना म्हणाले, "अगं, कोणीतरी घरी हवं ना, नाहीतर ती परत कोणाकडे येणार?" सख्ख्या मुलीच्या हातात फुंकणी दिली आणि वर तिलाच मोठेपणा दिला. तो राग माझा अजून गेलेला नाही, पण तो माझा लहान राग आहे.

माझ्या नातीच्या कपाटात आता अशीच जाडजूड इंग्रजी पुस्तकं आहेत, ग्रीक देव आणि त्यांच्याभोवती जिवाला जीव देणारी शाळकरी मुलं. ती म्हणते, आजी, देवबीव ठीक आहेत, पण त्यांची मैत्री वाचायला मजा येते. मी एक चाळून पाहिलं. एक शहाणी, एक तापट, एक हसवणारा, एक मुका पण मायाळू. नानांचीही हीच युक्ती होती. चार मुलं असली की चौघांना चार खोडी द्याव्यात, म्हणजे नाव न लिहिता वाचकाला कळतं कोण बोलतंय. पुस्तकात हे बरोबर आहे. पण आम्ही ती पुस्तकं वाचून तशी वागायला लागलो होतो. बाबल्या आधी भरपूर बडबडायचा. पुस्तकातला बाबल्या अबोल, म्हणून हाही तोंड मिटून बसू लागला. फिलू उगाच शहाण्यासारखी मान हलवायची. कनू जास्तच चटपटीत झाला. आपल्याविषयी कोणी चांगलं लिहिलं तर त्या लिहिण्याला जागावं असं त्या वयात वाटतं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस, म्हणून संध्याकाळी नव्या भागाचं वाचन व्हायचं. आई भानोलं लावायची. चिरलेला कोबी, कोळंबी, कांदा, बेसन कालवून पातेल्यात थापायचं, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वास सुटला की हंसाबेन आपली खिडकी लावून घ्यायची आणि लावता लावता ओरडायची, "कनु, खायचा नाय हां, नुसती गोष्ट ऐक." मग तिच्याकडून थेपल्यांची थाळी यायची, नावाला कनूसाठी आणि खरं तर सगळ्यांसाठी. कनूने आमच्या घरी मासळी कधी चाखली नाही, आम्हीही कधी आग्रह केला नाही. पण भानोल्याची खरपूस कड कोणाला द्यायची याचा निवाडा तोच करायचा, कारण त्यात त्याला काही नको असायचं. मागच्या गल्लीत छापखान्याचं पायाचं यंत्र खडखडत असायचं, खोताच्या वाडीत कोणीतरी व्हायोलिनवर एकच गत घोटत असायचं, आणि त्यावर आवाज चढवून नाना वाचायचे. मध्येच थांबून विचारायचे, "कनू, इथे तू काय म्हणशील?" कनू म्हणेल ते समासात लिहून घ्यायचे. पुस्तकातल्या कनूची निम्मी वाक्यं खऱ्या कनूच्या तोंडची आहेत. ज्या ओळींवर महाराष्ट्रभर मुलं हसली त्या त्याच्या होत्या, आणि हे कुठेच छापलेलं नाही.

मग ते दिवस आले. चाळीत दुसरा विषय राहिला नाही. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे वाक्य भिंतीवर होतं, जिन्यावर होतं, पाटीवर पेन्सिलीने होतं. खालून मोर्चा गेला की आम्ही गॅलरीत उभे राहून घोषणा द्यायचो, आणि त्यात कनूचा आवाज सगळ्यांत खणखणीत. "मुंबई आमची!" म्हणून तो कठड्यावर हात आपटायचा. हंसाबेन त्याला शर्टाला धरून आत ओढायची आणि तो पुन्हा बाहेर यायचा. मुंबई त्याचीही होतीच. लाठ्या चालल्या, गोळ्या चालल्या, रस्ते ओस पडले. काळबादेवीच्या बाजूला दुकानं फुटली. कनूच्या वडिलांच्या दुकानाची काच गेली आणि बटणांचे डबे रस्त्यावर उपडे झाले. जरा शांत झाल्यावर मी आणि कनू ती बटणं वेचायला गेलो. गटाराच्या कडेने, पायऱ्यांच्या सांदीतून, ओंजळी ओंजळी. घरी आणून धुतली आणि रंगाप्रमाणे वेगळी करत बसलो. कनूच्या वडिलांनी संध्याकाळपर्यंत आमच्या दाराकडे पाहिलं नाही.

लालबागलाही गोळीबार झाला. बाबल्याचा बाप मोर्चात नव्हता. पाळी सुटून घरी चालला होता. गोळी गुडघ्यात लागली. पाय वाचला, पण वाकेना, आणि फिटरचं काम उठत-बसत करायचं असतं. बाबल्या महिनाभर शाळेत आला नाही. आला तेव्हा सरळ गॅलरीत नानांसमोर जाऊन उभा राहिला. "नाना, पुढच्या भागात हेफेस्टसचा पाय बरा करा ना." नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं. म्हणाले, "बाळा, ते माझ्या हातात नाही रे. ग्रीकांनी त्याला लंगडाच लिहून ठेवलाय." बाबल्याने मान हलवली आणि जिना उतरून गेला. मला ते पटलं. हजारो वर्षांपूर्वी लिहिलेलं नाना तरी कसं बदलणार, असंच वाटलं.

त्यानंतर प्रकाशक घरी आले. जाडजूड, हसतमुख गृहस्थ. यायचे तेव्हा माझ्यासाठी गोळ्या आणायचे. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते सांगत होते, "नाना, मालिका उत्तम चाललीय, प्रश्नच नाही. पण दिवस कसले आहेत बघा. लोक विचारतात, चौघांत तो मेहता कशाला?"

"मुलगा चांगला आहे हो," नाना म्हणाले.

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो? पण गोष्टीतही त्याने चांगलंच राहिलं पाहिजे असं कुठे आहे?"

नाना हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. बशीत चहा ओतून सावकाश प्यायले. मी कप उचलून आत आले आणि आईला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आई कोळंबी सोलत होती. म्हणाली, "तुझे वडील असं करायचे नाहीत." तिचा तेवढा विश्वास होता.

त्या वर्षी चाळीच्या गणपतीत 'चौथा मजला'चाच खेळ करायचं ठरलं. मुलांनी स्वतःचीच कामं करायची, म्हणजे बाबल्याने बाबल्याचं, मी नलूचं. आमच्या चाळीचा एक रिवाज होता. गणपतीचं काम सांगितलं की नाही म्हणायचं नाही. मंडपाचे बांबू उचला, रांगोळी घाला, नाटकात झाड होऊन उभे राहा, वाट्याला येईल ते करायचं. मेहतांनीही तो रिवाज कधी मोडला नव्हता. नाटकाच्या दिवशीचा प्रसाद हंसाबेनचा, चुरम्याचे लाडू, हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं. तालमीत प्रत्येकाला फक्त आपल्या वाक्यांची नक्कल मिळायची, दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट तेवढं खूण म्हणून. शेवटचा प्रवेश नानांनी अडवून धरला होता. तो खेळाच्या आदल्या दिवशी मिळाला.

कनूने आपला कागद गॅलरीत उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"नाना, इथे मी नलूचा, बाबल्याचा हात सोडतो?"

"हो. आणि टायटनचा धरतोस, देवांच्या त्या जुन्या वैऱ्याचा. म्हणून त्याला पायऱ्या दिसतात, आणि तो अख्खा मजला उचलून न्यायला येतो."

"मी का सोडतो?"

"तो थैली देतो ना तुला."

"पण हर्मीस निरोप्यांचा देव आहे ना?"

"व्यापाऱ्यांचाही आहे. आणि चोरांचाही. माझ्या मनचं नाही काही, ग्रीकांनीच लिहून ठेवलंय."

"हे तुम्ही आधी कधी सांगितलं नव्हतं."

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आधी तशी गरज पडली नव्हती," ते म्हणाले.

बाबल्याच्या देवाचा पाय बरा करायला ग्रीक आड आले, आणि कनूच्या देवाला चोर करायला तेच ग्रीक मदतीला आले. मी पुढे कॉलेजात ती सगळी दैवतकथा वाचली. नाना खोटं बोलले नव्हते. हर्मीस निरोप्यांचा आहे, वाटसरूंचा आहे, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचा, सगळ्यांचा आहे. एका देवात सगळं असतं, कोणत्या दिवशी काय बाहेर काढायचं ते लिहिणारा ठरवतो. खोटं बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं.

जेवताना मी विषय काढला. कनू आपला आहे, त्याला असं करू नका, म्हटलं. नाना म्हणाले, "अगं, तो खरा कनू नाही. गोष्टीतला आहे. गोष्टीला विश्वासघात लागतोच." आई वाढता वाढता थांबली. "नाव तर खऱ्याचंच आहे," ती म्हणाली, "आपल्या अंगणात वाढलेल्या पोराला उद्या चारचौघांत चोर करणार तुम्ही. हंसाबेन पुढच्या सतरंजीवर असेल." नाना म्हणाले, "तू आमटी वाढ." आईने आमटी वाढली. त्या घरात आईचं कोणी ऐकायची पद्धत नव्हती, आणि मी तर चुलीचीच देवी. मी भिंतीपलीकडे कनूकडे गेले आणि म्हटलं, ताप आलाय म्हणून सांग. तो म्हणाला, "गणपतीचं काम आहे. बा पण म्हणते, नाही कसं म्हणायचं." त्याची आई आत लाडवांसाठी मुटके तळत होती. तिला त्याने काय काम आहे ते सांगितलंच नव्हतं.

खेळ आरतीनंतर सुरू झाला. चाळ भरली होती, बाजूच्या दोन चाळी लोटल्या होत्या, मुलं कठड्यांवर पाय सोडून बसली होती. टायटनचं काम तळमजल्यावरच्या एका दांडग्या गृहस्थांनी केलं. नानांनी त्यांच्या डोक्यावर सरकारातल्या मंत्र्यांसारखी पांढरी टोपी चढवली होती, त्यामुळे हा कोण ते लोकांना आल्याबरोबर कळलं. पहिला सगळा खेळ रंगला. झ्यूस फ्यूज उडवतो तिथे दिवे घालवून लावले, पोसायडन बोंबलांची माळ गळ्यात घालून आला, हशा पिकला. हंसाबेन पुढच्या सतरंजीवर माझ्या आईशेजारी बसून पदर तोंडाला लावून हसत होती. मग शेवटचा प्रवेश आला. आम्ही चौघं हात धरून उभे राहिलो, कनूच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला बाबल्या. टायटनने थैली पुढे केली. कनूने माझा हात सोडला. बाबल्याचाही सोडायचा होता, पण बाबल्या सोडेना. बाबल्याला नाटक येत नव्हतं असं नाही. त्याने बोटं आवळून धरली होती आणि तो समोर बघत होता. कनू ओठ न हलवता म्हणाला, "सोड ना रे." बाबल्याने आणखी घट्ट धरलं. ज्याच्या बापाचा पाय गेला तो मुलगा कनूचा हात सोडायला तयार नव्हता, हे तिथे बसलेल्या एकालाही कळलं नाही. शेवटी कनूने पिळवटून, हिसडा देऊन हात सोडवला. लोकांना तो हिसडा तेवढा दिसला.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "चोर!" दुसरा म्हणाला, "शेटजी, किती घेतलेस?" वरच्या गॅलरीतून एक चप्पल आली आणि कनूच्या खांद्याला लागून रंगमंचावर पडली. कनूने ती उचलली. शेजारीच मखर होतं, देवासमोर चप्पल कशी राहू द्यायची, म्हणून त्याने ती दोन बोटांनी धरून रंगमंचाच्या खाली नीट ठेवली, परत जागेवर आला आणि आपलं पुढचं वाक्य म्हणाला. त्यानंतर माझं वाक्य होतं. 'आजपासून आमच्या पंगतीत तुझं पान नाही.' मी ते म्हटलं नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं, मी खाली ठेवलेल्या त्या चपलेकडेच बघत राहिले होते. पडद्याआडून नानांनी हळू आवाजात वाक्य सुचवलं. त्यांनी पुन्हा सुचवलं, आणि तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग ते वाक्य समोरच्यांनीच उचललं. आधी मुलांनी, मग बायकांनी, पुरुषांनी. पंगतीत तुझं पान नाही, पंगतीत तुझं पान नाही, टाळ्यांच्या ठेक्यावर, घोषणा द्यायची सवयच लागली होती सगळ्यांना. मी समोर पाहिलं. माझी आई खाली मान घालून बसली होती. हंसाबेन सरळ बसली होती आणि तिच्या तोंडावर मघाचं हसू तसंच होतं, ते कुठे ठेवायचं ते तिला कळत नव्हतं.

ती उठून गेली नाही. खेळ संपल्यावर परात घेऊन नेहमीच्या जागी उभी राहिली आणि एकेकाच्या हातावर लाडू ठेवत गेली. सगळ्यांनी घेतले. ओरडणाऱ्यांनी घेतले, ज्याची चप्पल होती त्यानेही घेतला असेल. लाडू छान झालेत म्हणून एकीने सांगितलं. मला आजही चुरम्याचा लाडू घशाखाली उतरत नाही, आणि लोकांना वाटतं मला तुपाचा त्रास आहे.

पडद्यामागे नाना कनूच्या पाठीवर थाप मारत होते. "रंग भरलास, कनू. नट आहेस तू."

कनू तोंडावरचा रंग पुसत होता. त्याने विचारलं, "नाना, पुढच्या भागात मी मरतो का?"

"छे, का रे?"

"मारून टाका ना."

नाना हसले आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. "वेडा आहेस. असला खलनायक कोणी मारतं का? आता तर कुठे लोकांना तू आवडायला लागलायस."

दिवाळीच्या आत मेहता चाळ सोडून गेले, मालाडला की कांदिवलीला. नानांनी कनूला मारलं नाही. तो पुढे कित्येक भाग जिवंत राहिला आणि प्रत्येक भागात विश्वासघात करत राहिला. चौथ्या मजल्याच्या पायऱ्या आता तिघांनी हात धरले तरी दिसतात, हे नानांनी एका ओळीत उरकून टाकलं. समासात लिहून ठेवलेली कनूची जुनी वाक्यं त्यांनी फिलूच्या तोंडी घातली. पुढे राज्य झालं, गिरगावात रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. ते राज्य मला हवंच होतं, कनूलाही हवं होतं. नाना गेले तेव्हा वर्तमानपत्रात त्यांना मुलांचा लाडका लेखक म्हटलं होतं, आणि ते खरं आहे.

कनू मला त्यानंतर एकदाच भेटला. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. ऑपेरा हाउसच्या बस-स्टॉपवर तो उभा होता, हातात पिशवी, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. चालण्यावरून ओळखला. मी पलीकडच्या फुटपाथवरूनच ओरडले, "कनू!" त्याने माझ्याकडे बघायच्या आधी मागे पाहिलं, रांगेत कोणी ऐकलं का ते. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "कशी आहेस, नलू?" म्हणाला. आईची, बाबल्याची, फिलूची चौकशी केली. नानांची केली नाही. मराठी अजून तसंच, आमच्यासारखं. निघताना मुलगी जरा पुढे गेली तेव्हा आवाज खाली करून म्हणाला, "कनू म्हणून हाक नको मारत जाऊस. ऑफिसात सगळे मराठी आहेत, लहानपणी सगळ्यांनीच वाचलंय. आडनाव मेहता, राहायला आधी गिरगावात. विचारतात, तोच का तू?"

"मग तू काय सांगतोस?"

"नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला.